पत्ता हरवलेली माणसे
(विद्यालयाच्या हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा लेखी पाठ)



काही गावांच्या नशिबी असे येते की त्यांचे नाव हीच एक शिवी होऊन बसते. एखाद्याचे बोलणे विचित्र वाटले की महाराष्ट्रात ‘याला ठाण्याला न्या’ किंवा ‘येरवड्याला पाठवा’ असे सहज म्हटले जाते. हे बोलणारा मनुष्य दुष्ट असतो असे नाही. तो केवळ परंपरेने हाती आलेला शब्द वापरत असतो. तमिळनाडूत हेच काम ‘किलपॉक’ हा शब्द करतो. किलपॉक हा चेन्नई शहराचा एक भाग आहे. तेथे मनोरुग्णालय आहे, म्हणून तमिळ चित्रपटांतील विनोदी पात्रे एकमेकांना किलपॉकला धाडण्याच्या धमक्या देत आली. ठाणे, येरवडा, किलपॉक ही तीन निरनिराळ्या ठिकाणांची नावे असली तरी त्यांमागची समजूत एकच आहे. ज्याचे मन बिघडले त्याचा मूळ पत्ता संपला, आता त्याचा पत्ता ते इस्पितळच, ही ती समजूत होय.

आजच्या व्याख्यानाचा विषय या समजुतीला उत्तर देणाऱ्या कार्याचा आहे. मराठीत हरवलेल्या माणसाला ‘बेपत्ता’ म्हणतात. मनोविकाराने ग्रासलेल्या असंख्य माणसांना हा शब्द अक्षरशः लागू पडतो. चेन्नईतील काही सेवाभावी संस्थांनी गेली चार दशके अशा माणसांना त्यांचे पत्ते परत मिळवून देण्याचा प्रयत्न केला आहे. तो प्रयत्न कसा चालतो, त्याला कोणाचे बळ मिळते आणि ते बळ कोठे अपुरे पडते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मद्रासमध्ये मनोरुग्णांसाठी पहिले आश्रयगृह १७९४ साली निघाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील व्हॅलेंटाइन कॉनोली या शल्यवैद्याने ते चालविले. १८७१ साली सरकारी रुग्णालय किलपॉक येथील विस्तीर्ण आवारात आले आणि आज ते ‘मानसिक आरोग्य संस्था’ या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रातही ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी रत्नागिरीचे १८८६ सालचे आहे. त्या काळच्या कल्पनेनुसार ही सर्व स्थाने वस्तीपासून दूर, उंच भिंतींच्या आत उभारली गेली. रुग्णाला समाजापासून आणि समाजाला रुग्णापासून वेगळे ठेवणे हा त्यांचा हेतू होता. पुढे शहरे वाढत त्या भिंतींपर्यंत आली. भिंती मात्र जागच्या हलल्या नाहीत.

किलपॉकच्या भिंतीला आतून दरवाजे पाडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत डॉ. एम. सारदा मेनन यांचे नाव अग्रभागी आहे. १९२३ साली मंगळूर येथे जन्मलेल्या सारदाबाईंचा उल्लेख भारतातील पहिल्या महिला मनोविकारतज्ज्ञ असा केला जातो. १९६१ ते १९७८ अशी सतरा वर्षे त्या किलपॉकच्या रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. रुग्णाला दाखल करून न घेता तपासून घरी पाठविता यावे यासाठी त्यांनी बाह्यरुग्ण सेवेवर भर दिला आणि बऱ्या होत चाललेल्या रुग्णांच्या हाताला काम मिळावे अशी व्यवस्था केली. रुग्णालयाच्या आत राहून त्यांना जे सत्य उमगले ते असे, की औषधाने आजार आटोक्यात येतो; पण ज्याला परतायला घर नाही आणि करायला काम नाही, तो बरा होऊनही रुग्णच राहतो.

निवृत्तीनंतर, १९८४ साली, डॉ. आर. थारा आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ‘स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. ‘स्कार्फ’ या लघुनामाने ती सर्वत्र परिचित आहे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे मराठीत ज्याला छिन्नमनस्कता म्हणतात तो आजार, बहुधा ऐन तारुण्यात जडतो. शिक्षण संपत आलेले, नोकरी नुकतीच लागलेली, लग्नाच्या गोष्टी घरात चाललेल्या, अशा वेळी तो येतो आणि एका माणसाबरोबर संपूर्ण कुटुंबाला वेठीस धरतो. म्हणून या संस्थेने रुग्णाइतकेच त्याच्या आईवडिलांना आणि भावंडांना आपल्या कामाचा विषय मानले. दिवसा येऊन काम शिकण्याची सोय, निवासाची सोय, कुटुंबीयांसाठी मार्गदर्शन आणि या सर्वांबरोबर चिकाटीचे संशोधन, असे या कार्याचे स्वरूप आहे.

पुदुक्कोट्टै जिल्ह्यात या संस्थेने २०१० साली एक बस सुरू केली. तिच्यात एक तपासणीची खोली आणि एक छोटे औषधालय. बस गावात येऊन उभी राहते, रुग्ण आत बसतो आणि पडद्यावर चेन्नईतील तज्ज्ञ त्याच्याशी बोलतो. लिहून दिलेले औषध त्याच बसमधून त्याला मिळते. ज्या गावातून तज्ज्ञापर्यंत जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते आणि प्रवासखर्च वेगळा, त्या गावात औषध सुटते ते निष्काळजीपणामुळे नव्हे, तर अंतरामुळे. ही साधी गोष्ट ओळखणे हेच समाजाधिष्ठित मानसिक आरोग्यसेवेचे सार आहे. या सेवेत रुग्णाला दवाखान्याच्या पायऱ्या चढायला न लावता दवाखानाच त्याच्या उंबरठ्याशी नेला जातो.

अशी सेवा जेथे पोहोचत नाही तेथे काय होते, याचे भीषण उत्तर तमिळनाडूनेच देशाला दिले. रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी या गावी एक प्रसिद्ध दर्गा आहे. मनोरुग्ण तेथे बरे होतात अशा श्रद्धेने दूरदूरची कुटुंबे आपली माणसे तेथे आणून ठेवीत आणि त्यांच्या भोवती खासगी आश्रयगृहे निघाली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशा एका गृहाला आग लागली. आतील रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. त्या माणसांना तेथे सोडून जाणारे आप्त निर्दय होते असे म्हणून हा विषय मिटविणे सोपे आहे. वस्तुतः त्यांतील अनेकांना दुसरी वाट ठाऊकच नव्हती. आजार कळत नव्हता, उपचार जवळ नव्हता, आणि घरी ठेवण्याची शक्ती संपली होती.

या घटनेच्या आठ वर्षे आधी चेन्नईत एका निराळ्या प्रयत्नाला आरंभ झाला होता. १९९३ साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या विशीतल्या दोन तरुणींना भर रस्त्यात एक स्त्री दिसली. अंगावर धड वस्त्र नाही, मनाचा ताबा नाही, आणि येणारे-जाणारे मान वळवून पुढे निघालेले. तिला कोठे ठेवावे म्हणून दोघींनी अनेक दारे ठोठावली. मनोरुग्ण म्हणून निराधार स्त्रियांच्या संस्था तिला घेईनात आणि निराधार म्हणून इतरत्र सोय होईना. दोन प्रकारच्या संस्थांमधील या फटीत माणसे पडत आहेत हे लक्षात येताच दोघींनी त्याच वर्षी एक भाड्याचे घर घेतले आणि ‘द बॅन्यन’ ही संस्था सुरू झाली. बॅन्यन म्हणजे वड. पुढे राज्य सरकारने दिलेल्या जमिनीवर मोगप्पेर भागात तिचे ‘अडैकलम’ हे निवासस्थान उभे राहिले. अडैकलम या तमिळ शब्दाचा अर्थ आश्रय.

रस्त्यावरून आश्रयात येण्याचा हा प्रवास कसा होतो? सूचना पोलिसांकडून येते, कधी दुकानदाराकडून, कधी रिक्षावाल्याकडून. कार्यकर्त्या जातात, बोलू पाहतात, कित्येकदा नुसत्या जवळ बसून राहतात. आणलेल्या स्त्रीची आधी शारीरिक अवस्था पाहिली जाते. जखमा, रक्तक्षय, उपासमार, कधी अत्याचारातून आलेली गर्भावस्था. स्नान, वस्त्र, अन्न आणि झोप यांनंतर औषधोपचार. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी आजाराचा जोर ओसरतो आणि मग खरा प्रश्न पुढे येतो : ही कोण? कोठली?

चेन्नई हे दक्षिणेकडील लोहमार्गाचे मोठे केंद्र आहे. मुंबई, सोलापूर, नागपूर, कोलकाता, दिल्ली अशा सर्व दिशांच्या गाड्या तेथे येतात. भान हरपलेली व्यक्ती कोठल्यातरी स्थानकावर गाडीत चढते आणि गाडी थांबते तेथे उतरते. उतरल्यावर तिच्या भोवतीची भाषा तिची नसते. एखादी स्त्री अस्सल वऱ्हाडीत किंवा अहिराणीत आपल्या घराविषयी बोलत असेल, तर तमिळ ऐकणाऱ्याला ती बडबड वाटेल. अशा प्रसंगी मातृभाषेचा एक शब्द औषधाइतका गुणकारी ठरतो. तिच्या बोलीवरून प्रांत कळतो. नदीचे, देवीच्या जत्रेचे किंवा आठवडे बाजाराचे नाव निघाले की तालुका कळतो. मग त्या भागातील पोलीस ठाण्याला, ग्रामपंचायतीला दूरध्वनी जातो. भाषेचे मोल सांगणारी अनेक वचने शाळांच्या भिंतींवर लिहिलेली असतात. मातृभाषा हा माणसाचा अखेरचा पत्ता असतो, ही गोष्टही त्यांच्या शेजारी लिहिण्याजोगी आहे. बाकी सारे विसरले तरी तो बहुधा शिल्लक राहतो.

या शोधाला आता कायद्याचाही आधार आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८पासून अमलात आला. त्याच्या कलम १००नुसार, रस्त्यावर भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. व्यक्ती बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून तिचे कुटुंब शोधण्याची जबाबदारी ठाण्याच्या अधिकाऱ्यावर आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास हा कायदा मनाई करतो. एरवाडीनंतर हे शब्द कायद्यात यायला सोळा वर्षे लागली.

घर सापडल्यावर कथा संपली असे वाटते. प्रत्यक्षात अनेकदा ती तेथे अडते. काही घरे डोळ्यांत पाणी आणून माणसाला परत घेतात. काही घरांत मात्र जागा उरलेली नसते. पतीने दुसरे लग्न केलेले असते, आईवडील वारलेले असतात, भावाच्या दोन खोल्यांत एका आजारी बहिणीचा समावेश होत नाही. डॉ. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नईत छिन्नमनस्कता जडलेल्या आणि संसार मोडलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला होता. आजार आणि परित्याग असा दुहेरी भार वाहणाऱ्या त्या स्त्रियांच्या वृद्ध आईवडिलांची चिंता एकच होती : आमच्यामागे हिचे कोण? हा प्रश्न समजायला तमिळ येण्याची आवश्यकता नाही. तो मराठी घरांतही रोज रात्री दिवा मालवताना विचारला जातो.

ज्यांना घर परत घेत नाही त्यांनी जन्मभर संस्थेत राहावे काय? याच प्रश्नाने द बॅन्यनला आपल्या कार्याकडे नव्याने पाहायला भाग पाडले. रुग्णालयाच्या भिंतीवर टीका करून स्वतःच एक भिंत बांधावी, हे त्या कार्यकर्त्यांना रुचण्यासारखे नव्हते. चेन्नईच्या दक्षिणेला समुद्रकाठी कोवलम नावाचे गाव आहे. तेथे लहान लहान घरांत रहिवाशांची सोय करण्याचा प्रयोग झाला. त्यातून २०१५ साली ‘होम अगेन’, म्हणजे ‘पुन्हा घर’, हा उपक्रम निघाला. कॅनडातील ‘ग्रँड चॅलेंजेस’ या संस्थेचे साहाय्य त्याला लाभले.

उपक्रमाची रचना अगदी साधी आहे. सर्वसाधारण वस्तीत, सर्वसाधारण घर भाड्याने घ्यायचे. वर्षानुवर्षे संस्थेत काढलेल्या चार-पाच जणींनी, ज्यांचे एकमेकींशी पटते अशांनी, तेथे एकत्र राहायचे. सोबत गरजेनुसार एक साहाय्यिका. ती बहुधा त्याच परिसरातील, मोठ्या पदव्या नसलेली परंतु प्रशिक्षण घेतलेली स्त्री असते. ठरावीक दिवशी समाजकार्यकर्ती येऊन जाते, औषधांची व्यवस्था पाहते. बाकी दिवस घराचा. भाजी कोणी आणायची, सांबार कोणी करायचे, दूरदर्शनवर काय पाहायचे, यावरून वाद होतात. वीस वर्षे ताटात वाढलेले मुकाट खाल्लेल्या स्त्रीने ‘आज मला हे नको’ म्हणणे, ही तेथे प्रगतीची खूण मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली समाजाधिष्ठित मानसिक आरोग्यसेवांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मानवी हक्कांचा आदर राखणाऱ्या जगभरातील निवडक सेवांत चेन्नईच्या या घरांचा तिने समावेश केला.

पत्त्याबरोबर आणखी काही गोष्टी येतात. ओळखपत्र मिळते, बँकेत खाते निघते, अपंगत्वाच्या दाखल्यावर मिळणाऱ्या सवलती आणि निवृत्तिवेतन मागता येते. मतदानही करता येते. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत किलपॉकच्या रुग्णालयातील शंभराहून अधिक रहिवाशांची नावे मतदारयादीत होती आणि त्यांच्यासाठी आवारातच मतदान केंद्र उघडण्यात आले. ज्या ठिकाणाचे नाव शिवी म्हणून वापरले जात होते, त्या ठिकाणाचा पत्ता नागरिकाचा पत्ता म्हणून सरकारदप्तरी नोंदला गेला.

आता आधाराचा प्रश्न. असे कार्य चालते कोणाच्या पैशावर? आरंभी ते ओळखीच्या माणसांच्या देणग्यांवर, तांदळाच्या पोत्यांवर आणि जुन्या कपड्यांवर चालले. सरकारने जमीन दिली. कलावंतांनी आपले नाव दिले. चित्रपट दिग्दर्शक मणिरत्नम यांनी द बॅन्यनच्या साहाय्यार्थ ‘नेट्रु, इंड्रु, नाळै’, म्हणजे ‘काल, आज, उद्या’, हा रंगमंचीय कार्यक्रम सादर केला. आज मोठा वाटा न्यासांचा, कंपन्यांचा आणि परदेशी साहाय्याचा असतो. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात. परदेशी देणग्यांवर सरकारचे कडक नियंत्रण आहे. २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे सोपविता येत नाही आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांपुढे नेता येत नाही.

हे नियम हिशेबाच्या शिस्तीसाठी असले तरी या क्षेत्राची खरी अडचण त्यांच्या पलीकडची आहे. देणगीदाराला जे डोळ्यांना दिसते ते द्यायला आवडते. इमारत दिसते, तिच्यावर नावाची पाटी लागते. वाढदिवसाचे मिष्टान्न दिसते, छायाचित्र निघते. परंतु समाजाधिष्ठित सेवेत इमारत हा खर्चाचा मुख्य भाग नसतोच. तेथे खर्च होतो तो घरभाड्यावर, गोळ्यांवर, प्रवासावर आणि रात्री जागणाऱ्या साहाय्यिकेच्या पगारावर. हे सारे दर महिन्याला लागते आणि त्यावर कोणाच्याही नावाची पाटी लावता येत नाही. कंपनीचा निधी बहुधा वर्षाच्या किंवा तीन वर्षांच्या बोलीवर येतो. आजार मात्र तीस वर्षांचा असतो. बोली संपली म्हणून चार जणींना घर सोडा असे सांगता येत नाही. म्हणूनच अशा संस्थेला एका दात्याच्या पाच लाखांपेक्षा हजार घरांतून दरमहा न चुकता येणारे शंभर रुपये अधिक स्थिर ठेवतात. पहिली रक्कम उत्सवाची असते, दुसरी संसाराची.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. ही जबाबदारी सरकारची आहे. मग सेवाभावी संस्थांनी ती अंगावर घेऊन सरकारला मोकळे का करावे? शंकेत तथ्य आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांत कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावाचून असल्याचे दिसले. एवढी दरी देणग्यांनी भरून निघणार नाही. संस्थेचे खरे स्थान सरकारच्या जागी नव्हे, तर सरकारच्या पुढे एक पाऊल असते. नवी वाट चालून दाखवावी, ती चालण्याजोगी आहे हे सिद्ध करावे आणि मग शासनाने ती रुंद करावी. तमिळनाडूत तसे काही प्रमाणात घडले आहे. बेघर मनोरुग्णांसाठी जिल्ह्यांच्या ठिकाणी तातडीची सेवा व पुनर्वसन केंद्रे राज्य सरकारने सेवाभावी संस्थांच्या सहकार्याने सुरू केली.

महाराष्ट्रालाही ही वाट अपरिचित राहिलेली नाही. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात दीर्घकाळ राहिलेल्या काही रुग्णांसाठी ‘पुन्हा घर’चा उपक्रम चेन्नईहून कोकणात आला आहे. सांबाराच्या जागी तेथे आमटी शिजते, एवढाच काय तो फरक. कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने रस्त्यावरील मनोरुग्णांना बरे करून देशाच्या कानाकोपऱ्यांतील घरी पोहोचविण्याचे कार्य केले आणि २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावातील सामान्य स्त्री-पुरुषांनाच दुःखी शेजाऱ्याचे ऐकून घेण्याचे प्रशिक्षण दिले. मूळचे धुळे जिल्ह्यातील आणि कॅनडात कॅल्गरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबीयांसाठी संस्था उभी केली; २००४ सालचा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट त्यांच्याच प्रयत्नांतून निघाला.

तरीही काम किती उरले आहे हे एका आकड्यावरून ध्यानात येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांचा विचार झाला होता. त्यांतील सुमारे ३६ टक्के रहिवासी एक वर्षाहून अधिक काळ तेथेच होते. त्यांतील कित्येकांना रुग्णालयाची गरज उरलेली नाही. त्यांना गरज आहे ती दाराला कडी असलेल्या एका खोलीची. २०१७च्या कायद्याचे कलम १९ सांगते की प्रत्येक मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही म्हणून त्याला रुग्णालयात ठेवता येणार नाही. परंतु कायदा खोली भाड्याने देत नाही. ती कोणीतरी घरमालक देतो आणि शेजारी ते मान्य करतात. ‘पुन्हा घर’सारख्या उपक्रमाची खरी परीक्षा डॉक्टरांच्या टेबलावर होत नाही, ती गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत होते. ‘आमच्या इमारतीत नको’ हे तीन शब्द वर्षांच्या उपचारावर पाणी फिरवितात.

म्हणून या हीरक महोत्सवी प्रसंगी या विद्यालयाच्या परिवारापुढे ठेवण्याजोग्या मागण्या फार मोठ्या नाहीत. शिक्षकांनी वर्गात ‘येरवड्याला पाठवा’ हा विनोद ऐकू आला तर तो तेथेच थांबवावा आणि का थांबविला ते मुलांना सांगावे. पालकांनी आपल्या तरुण मुलाचे अचानक एकटे राहणे, झोप उडणे, नसलेले आवाज ऐकू येणे याला अंगारा शोधण्याआधी डॉक्टर शोधावा. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा २०२२पासून दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे घरमालक आहेत त्यांनी अशा संस्थेला घर भाड्याने देण्याचा विचार करावा, आणि जे सोसायटीचे पदाधिकारी आहेत त्यांनी सभेत दोन शब्द बोलावेत. देणगी द्यायची तर लहान द्यावी, पण दरमहा द्यावी. आणि जे परप्रांतांत राहतात, त्यांनी तेथील आश्रयगृहाला एवढेच कळवून ठेवावे की कोणी मराठी बोलणारे सापडले तर आम्हांला बोलवा. एक तास बसून ऐकणाऱ्या माणसामुळे एखाद्या हरवलेल्या स्त्रीच्या तालुक्याचे नाव हाती लागू शकते.

शाळा प्रत्येक मुलाला हजेरीपटावर एक नाव आणि एक क्रमांक देते. मूल गैरहजर राहिले तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते. साठ वर्षे या विद्यालयाने ही विचारणा निष्ठेने केली आहे. समाजाच्या हजेरीपटावरून ज्यांची नावे नकळत गळून गेली, त्यांचीही अशीच विचारणा व्हावी, इतकेच या कार्याचे मागणे आहे.